निकांदरराजे यांचा उंबरठ्यावरील नवस

॥ श्री द्राक्षवल्लीपती देव समर्थ ॥

ज्या देवाचे द्राक्षरसाने राजे बोलके होतात, आणि ज्याचे उत्सवांतील नाटकांत त्याच राजांची फजिती पाहून प्रजा शहाणी होते, त्या देवास आधी नमन. मग त्या वृद्ध मंडळीस नमन, जी चौकात उभी राहून गाते, सर्व जाणते आणि करीत काही नाही. विशेष. यवनदेशी समुद्राकाठी एका खडकावर एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. शालिवाहन अद्याप जन्मास यावयाचे होते, सबब शके घालता येत नाही. परंतु निकांदरराजे यांचे गादीचे सहावे साल, संवत्सराचे नाव उद्दाम, ऋतू अंजिरे पिकण्याचे जरा आधीचा, ऐसा काळ समजावा. राजे स्वभावे वाईट नव्हते. अंगाने भरीव, आवाज खणखणीत, घोडा बरा फिरवीत, हात सढळ, आणि चौघांनी वाहवा केली म्हणजे हरभऱ्याचे झाडावर जे चढत ते थेट शेंड्यास जाऊन बसत. त्यांची एक थोरली कांस्याची ढाल होती, ती लढाईस म्हणोन नेत नसत, ओरखडा पडेल याकरिता. राख आणि जैतुनाचे तेल लावून ती रोज घासवीत, इतकी की तीत पाहून राजे दाढी विंचरीत आणि मग दिवसाचे कारभारास लागत.

त्यांची राणी मिर्तोबाईसाहेब. वयाने लहान, बापाचे घरी अक्षर शिकून आलेल्या, आसपासचे राजघराण्यांच्या जुन्या हकीकती मुखोद्गत. आणि तेच त्यांचे दुखणे होते. इतर बायकांस मूल जाहले म्हणजे दृष्ट लागेल, पडसे होईल, एवढी चिंता; बाईसाहेबांस लेक क्रिनो जाहली तेव्हापासून त्यांनी त्या सर्व हकीकती मनाशी पुन्हा उलगडल्या, आणि उलगडता उलगडता एक गोष्ट ध्यानी आली ती अशी की, अमक्या नगरीचे राजाने देवळाहून उंच मनोरा बांधिला तर मूल त्याचे गेले, तमक्याने अतिथीस दारातून लोटले तर पाळणा त्याचा रिकामा जाहला. चढतात बाप आणि पडतात लेकरे, हा त्या मुलुखाचा रिवाजच. म्हणोन राजे जेवताना सहज जरी म्हणाले की आमचेसारखा दुसरा कोण आहे, तरी बाईसाहेबांचा हात आधी लेकीचे कपाळाकडे जाई, ताप तर नाही ना पाहावयास. दाई मेलितो हसून म्हणे, बाईसाहेब, राजे बढाई मारतात त्याने पोरीस ताप येत नसतो, दात येत असतात. बाईसाहेब म्हणत, दोन्ही पाहिलेले बरे.

ऐसे असता शेजारील नगरीशी एका झऱ्यावरून तंटा लागला. मेंढरे कोणाची आधी पाणी पितील, एवढाच मुद्दा; परंतु मुद्दा लहान असला म्हणजे राजे मोठे होतात. फौज निघाली. क्रिनो तेव्हा पालथी पडत होती. फौज गेली आणि ती रांगू लागली. रांगे ते कैसे, तर वारा. आणि तिची खोड ऐसी की शिंग वाजले, भांडे पडले, कुत्रे भुंकले, जे काही दाराबाहेर होईल त्याकडे ती आधी धावे, आणि उंबरठ्यावर हात टेकून मान वर करून हसे. बाईसाहेबांस दिवसभर तिचे मागे मागे, दार लाव, पाट आड घाल, चूल झाक, इतकाच कारभार उरला.

मग एके दिवशी दोनप्रहरी जासूद फिदोन आला. येथे त्या राज्याचा एक कायदा सांगणे अवश्य आहे. तेथे जे भयंकर घडावयाचे ते लोकांचे डोळ्यांदेखत घडवीत नसत. ते दूर रणांगणी घडे अथवा वाड्याचे आत घडे, आणि मग जासुदाने चौकात येऊन ते सांगावे. त्याने सांगितले म्हणजे ते घडले, आणि त्याने सांगितले नाही तोवर घडले नाही. कोणी आत जाऊन पाहात नसे. बाईसाहेब नव्या लग्नाच्या आल्या तेव्हा त्यांनी विचारिले होते की, कोणी एकदा तरी जाऊन पाहावे की नाही. तेव्हा वृद्ध मंडळी हसली आणि त्यांचे म्होरके लाखेसबाबा बोलले की, सूनबाई, पाहिले तर ऐकण्यात गोडी काय राहिली? आणि गोडी होती हे खरे. फिदोन हा पोट सुटलेला, गोऱ्या टकलाचा, पाच कोस चालला तरी न दमणारा परंतु बोलू लागला म्हणजे दमछाक ऐकणाराची करणारा पुरुष होता. तो आरंभापासून सांगे. मधले विचारले तर पुन्हा आरंभास जाई.

तो चौकात उभा राहिला आणि म्हणाला, सूर्य उगवला. मग सूर्य कैसा उगवला ते सांगितले. मग दोन्ही फौजा कैशा उभ्या ठाकल्या, घोडे कैसे फुरफुरले, राजांचे शिरस्त्राणावरील तुरा कैसा उडत होता ते सांगितले. बाईसाहेब कडेवर लेक घेऊन उभ्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर. अखेर समजले ते इतके की, शत्रूने आदले दिवशी वाटेतली कच्ची अंजिरे पोटभर खाल्ली, आणि लढाईचे वेळी जो तो झुडपामागे गेला. राजे तलवार उपसून सामोरे गेले तो रणांगणी कोणी नाही. फत्ते जाहली. वृद्ध मंडळीने जयजयकार केला. आणि मग फिदोन, जैसे काही विसरलेले आठवावे तैसे, म्हणाला की, एक नवसही आहे.

तो नवस ऐसा. लढाईचे आदले दिवशी शत्रूची गर्दी पाहून राजांस जरा धास्ती वाटली, आणि त्यांनी समुद्रदेवास बोल दिला की, फत्ते होऊन परतलो तर आमचे वाड्याचे उंबरठ्याशी जो जीव प्रथम आम्हास तोंडासमोर येईल तो तुला बळी देऊ. इतके बोलताना राजांचे मनात काय होते तेही फिदोनाने सांगितले, कारण राजे त्याचेपाशी बोलले होते की, स्वागतास आधी वृद्ध मंडळी पुढे येते हा आपला रिवाज. त्यातील एक कमी जाहला तर गाण्यात आवाज काय उणा पडणार आहे?

हे ऐकून वृद्ध मंडळी एकेक पाऊल मागे सरकली. मग एकाचा गुडघा दुखू लागला, दुसऱ्यास आठवले की आपली म्हैस व्याली आहे, आणि लाखेसबाबा म्हणाले की रिवाज रिवाज म्हणतात तरी दर खेपेस म्हाताऱ्यांनीच पुढे व्हावे असे कोठे लिहिले आहे; राणीने मूल कडेवर घेऊन दारी उभे राहावे हाही रिवाजच आहे.  बाईसाहेबांनी चौकातील वेदीवरील पुजारी थेरोन यांस विचारिले की, एक बोकड आणून दारात बांधिला तर? पुजारी कोरडा मनुष्य होता परंतु लबाड नव्हता. तो म्हणाला, योजून पुढे केलेले देवास चालत नाही. आपले पायांनी आलेले पाहिजे. आणि नवस फेडिलाच नाही तर? तर तो उलटतो, पुजारी म्हणाला, आणि नवस बोलणाराचे पोटचे लेकरावर उलटतो. हे मी केले नाही, बाईसाहेब, पूर्वीपासून आहे.

तेव्हा बाईसाहेबांस आपले आजवरचे सर्व भय खरे जाहलेसे वाटले, आणि नवल हे की, भय खरे होताच त्यांचे हातपाय स्थिर जाहले. रडण्यास फुरसत नव्हती. शिंगाचा आवाज दूर ऐकू येत होता, आणि शिंग ऐकून क्रिनो कडेवरून खाली सरकू पाहात होती. दार लावावे तर विजयी राजाचे तोंडावर दार लावणे हा अपशकुन, पुजारी लावू देईना. लेक आत न्यावी तर शिंग ऐकताच ती निसटून पुन्हा उंबरठ्याकडेच धावावयाची. बाईसाहेबांनी मेलितोस हाक मारिली आणि दोघींनी मिळोन, ज्या आया रांगते मूल आवरण्यास दारात फळी आडवी लावतात त्याच रीतीने, हाताशी जे थोरले सापडले ते ओढून उंबरठ्यात आडवे उभे केले. सापडली ती ढाल. नुकतीच घासून ठेविली होती. आतले अंगास बाईसाहेब भुईवर बसल्या, लेकीचा एक घोटा मुठीत धरिला, आणि तिचे हाती लाकडी पळी दिली, म्हणजे गुंतेल. ती गुंतली. पळीने ढाल बडवू लागली.

बाहेर चौकात लाखेसबाबांनी तोडगा काढिला होता. तोंडासमोर आला तोच बळी, तर तोंड दाखवूच नये. म्हणोन निकांदरराजे महावेशीतून आत आले तेव्हा सारी नगरी त्यांस पाठमोरी उभी होती. वृद्ध मंडळी पाठमोरी, सोनार, कुंभार, कोळी पाठमोरे, बायका पदर डोळ्यांवर ओढून भिंतीकडे पाहात, आणि सर्व जण खांद्यावरून मागे फुले टाकीत होते, ती कोणाची कोठे पडत. स्वागतगीत मात्र दणक्यात चालले होते, भिंतीस ऐकवीत. कुत्र्यांस देखील लोकांनी शेपटाकडून धरून ठेविले होते. दुसरा कोणी असता तर विचारिता की हा काय प्रकार. राजे वाटेत इतके फुगले होते की नवसाची गोष्ट त्यांचे चित्तातून साफ गेली होती. त्यांनी सभोवार पाहिले, मिशीवर हात फिरविला, आणि शेजारी चालणाऱ्या फिदोनास म्हणाले की, पाहा, आमचे तेज आता लोकांस सोसवत नाही.

ऐसे म्हणत राजे उंबरठ्याशी आले. ऊन पश्चिमेचे होते, ते थेट दारात पडले होते, आणि दारात, शिरस्त्राणावर तुरा, खांद्यावर जांभळे वस्त्र, छाती पुढे, ऐसा एक देखणा पुरुष त्यांचे समोर उभा होता. राजे थांबले. तुरा जरा वाकडा होता तो सरळ केला, तो समोरच्यानेही केला. राजांस इतका आनंद जाहला की त्यांनी सर्व नगरी ऐकेल ऐशा आवाजे बोल टाकिला.

"ठीकच जाहले. आमचे स्वागतास आमचे तोलाचा मनुष्य या राज्यात दुसरा आहे कोण? म्हणोन आम्हीच आम्हास सामोरे आलो."

गाणे थांबले. भिंतीकडे पाहणारी डोकी हळूहळू वळली. ढालीमागे बाईसाहेबांनी बोल ऐकिला, आणि त्यांस प्रथम वाटले ते हेच की लेक वाचली, आणि मग, अर्धा श्वास सरतो न सरतो तोच, वाटले की नवरा गेला. पुजारी थेरोन वेदीवरून खाली न उतरता म्हणाला की, महाराज, नवस. राजांनी विचारिले, कोणता? फिदोनाने खाकरून आरंभापासून सांगावयास घेतले की सूर्य उगवला, तेव्हा राजांचे तोंडचे पाणी पळाले, कारण त्यांस एकदम सर्व आठवले.

मग राजांनी जो युक्तिवाद केला तो त्यांचे बुद्धीस शोभण्याजोगा होता. ते म्हणाले, ही ढाल आहे, आणि हे प्रतिबिंब आहे. नवस जीवाचा बोलला आहे, प्रतिबिंबास जीव नसतो. पुजारी म्हणाला, बोल आपला आहे, महाराज, की आम्हीच सामोरे आलो. तो बोल समुद्रापर्यंत गेला असेल. राजे म्हणाले, बोलण्याच्या भरात मनुष्य बोलतो. आणि नेमके तेव्हा ढालीमागून पळीचा आवाज जाहला, ठण्, ठण्. राजांची मुद्रा उजळली. ते म्हणाले, हा कोण ठोकतो? जीव तो हा. ढाल बाजूस करा, जो असेल तो आमचे तोंडासमोर आला ऐसे धरा, म्हणजे सुटलो. आणि त्यांनी ढालीचे कडेस हात घातला. वृद्ध मंडळी सर्व जाणत होती की मागे कोण आहे, परंतु सांगण्यास पुढे कोणी जाहले नाही. त्यांनी एवढेच केले की एक सुस्कारा टाकिला, सर्वांनी मिळून, सुरात.

"राजे, हात काढा," बाईसाहेब आतून म्हणाल्या. आवाज चढविला नाही. "काय दिसेल ते तुम्हास ठाऊक नाही, मजला ठाऊक आहे."

राजांनी तो आवाज ओळखिला. पळी थांबली होती, आणि ढालीचे पलीकडे, त्यांचे गुडघ्याचे उंचीवर, कोणी ता-ता-ता ऐसे स्वतःशी बोलत होते आणि कांस्यावर काही कठीण घासत होते. राजे वाकले. इतके वाकले की तुरा भुईस लागला, आणि त्यांनी कान ढालीस लाविला, तोंड मात्र वळवून धरिले, आत पाहिले नाही.

"हे काय घासते?"

"दात. ढालीची कड चावते आहे."

"दात आले?"

"दोन. खालचे."

"केव्हा?"

"तुम्ही झुडपे जिंकीत होतां तेव्हा."

दुसरे वेळी राजे या बोलाने तापते. आता त्यांनी कान ढालीस तैसाच लावून आणखी थोडे घासणे ऐकिले. मग उठले, हात कडेवरून काढिला आणि चौकाकडे वळून म्हणाले, "आम्ही एक गोष्ट दोनदा फिरवीत नसतो. आम्हीच सामोरे आलो, तेच खरे." हे लेकीचे मायेने बोलले की राजाचे तोऱ्याने बोलले, हे बाईसाहेबांस पुढे जन्मभर उमगले नाही, त्यांनी दोन्ही असेल ऐसे धरिले, आणि जे असेल त्याचे उपकार मानिले.

पुजाऱ्याने सांगितले की सूर्य मावळण्याचे आत नवस फिटला पाहिजे. कायद्याप्रमाणे राजांनी आत जावे, जे घडावयाचे ते आत घडावे, पुजाऱ्याने वेदी सोडू नये, आणि फिदोनाने बाहेर येऊन सांगावे. राजे आत गेले, ढाल पुन्हा दारात लाविली. आत येऊन ते पाटावर बसले आणि तलवारीकडे पाहू लागले. लेक घाबरून रडू लागली, कारण दाढी तिने फार दिवसांत पाहिली नव्हती. मेलितो भिंतीकडे तोंड करून रडू लागली. फिदोन कोपऱ्यात उभा राहून ओठ हलवीत होता, पुढे सांगावयाचे त्याची जुळवाजुळव करीत. आणि बाईसाहेब त्याचे ओठांकडे पाहात राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांचे ध्यानी आले की, हा मनुष्य अद्याप न घडलेली गोष्ट आधीच घडवून बसला आहे.

त्या म्हणाल्या, "फिदोनकाका, राजा मेला हे तुम्ही सांगितले म्हणजे मेला ना?"

"मी सांगेन तेव्हा मेला, बाईसाहेब. ऐसाच कायदा आहे. परंतु मी आजवर खोटे सांगितले नाही." मग जरा थांबून म्हणाला, "वाढवून सांगितले असेल."

"खोटे नका सांगू. राजाच मरणार आहे. मुकुट, अंगठी, तुरा, जांभळे वस्त्र, हे सर्व दगड बांधून समुद्रात जाईल आणि पुन्हा निघणार नाही, आणि या गादीवर निकांदरराजा कधी बसणार नाही. मग जो मनुष्य पाटावर उरला त्याविषयी तुम्हास कोणी विचारिले आहे काय?"

फिदोनाने विचार केला. विचार करता करता त्याचे टकलावर तेज चढले, कारण राजाचे मरण सांगावयास मिळणे हे जासुदाचे आयुष्यात एकदा येते, न येते. तो म्हणाला, एक अट. मी सांगत असता आतून आवाज आला नाही पाहिजे. मेलेला राजा बोलला तर माझे सांगणे मोडले, आणि सांगणे मोडले तर नवस बुडाला, आणि बुडालेला नवस कोठे उलटतो ते पुजाऱ्याने सांगितलेच आहे. बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिले. राजांनी शिरस्त्राण उतरविले होते आणि अंगठीशी झगडत होते, ती निघेना, मग जैतुनाचे तेल लावून काढिली. तुरा देताना मात्र दोनदा हात मागे घेतला. ते म्हणाले, गप्प बसावयाचे ना, त्यात काय मोठे. हे ऐकोन बाईसाहेबांस पहिल्याहून अधिक भय वाटले.

फिदोन चौकात जाऊन उभा राहिला. तो म्हणाला, सूर्य उगवला, आणि लोक सुखाने बसले. आत क्रिनो रडून रडून लाल जाहली होती. मेलितो इतकी थकली की घेईना, बाईसाहेबांचे हात मुकुट-वस्त्रास दगड बांधण्यात गुंतले होते, म्हणोन त्यांनी लेक उचलून राजांचे खांद्यावर टाकिली. ती आणखी रडली, मग दाढीत बोटे घातली, मग दाढीचे केस मुठीत धरून निजली. आणि फिदोनाने तेव्हा मरणाचे प्रकरणास हात घातला. आरंभ बरा होता. राजा धीराने आत गेला ऐसे तो म्हणाला. परंतु वृद्ध मंडळीस धीर नको होता, त्यांस बोध पाहिजे होता. लाखेसबाबांनी विचारिले, घाबरला नाही काय? फिदोन लोकांचे मन ओळखणारा. तो म्हणाला, घाबरला तर काय. पाय लटलटा कापत होते. चौकात हू उठली. तो म्हणाला, तलवार पाहून राजा पलंगाखाली गेला. लोक पुढे सरकले. तो म्हणाला, पोट मोठे असल्यामुळे अर्धाच गेला.

राजे उठले. त्यांचे कानशिलाची शीर उडत होती, तोंड उघडले होते, छातीत तोच खणखणीत आवाज भरला होता जो महावेशीपासून समुद्रापर्यंत ऐकू जाई. ते दाराकडे दोन पावले गेले. बाईसाहेब आड जाहल्या नाहीत. आड होण्यास जागाही नव्हती, वेळही नव्हता. त्या त्यांचे कानाशी जाऊन, ओठही न हलविता ऐशा, म्हणाल्या:

"ओरडा. परंतु ती उठली तर निजवावयाची तुम्ही."

राजे उभेच राहिले. खांद्यावर लेकीने झोपेत एक लांब श्वास सोडला, तो हुंदक्याचा शेवटला असतो तैसा, आणि दाढी अधिक घट्ट धरिली. बाहेर फिदोन सांगत होता की राजाने मरताना आईस हाक मारिली, आणि लोक हसत होते, आणि हसता हसता काही रडतही होते, कारण वाईट कोणास वाटत नव्हते ऐसे नाही. राजांनी तोंड मिटले. मग पाटाकडे मागे मागे गेले, एकेक पाऊल भुईस विचारून टाकिले, आणि गुडघे कटकन वाजू नयेत म्हणोन इतक्या हळू बसले की, गादीवर बसताना सहा वर्षांत कधी इतके जपून बसले नव्हते. बाईसाहेबांनी त्यांचे कोपराखाली उशी सरकविली. बाहेर पलंग, तलवार, रक्त, पश्चात्ताप सर्व यथासांग जाहले. राजा मेला. वृद्ध मंडळीने गर्वाचे घर खाली, ऐसे गीत म्हटले, आणि यावेळी प्रथमच सुरात म्हटले. पुजाऱ्याने सूर्य पाहिला, फिदोनाकडे पाहिले, दाराकडे क्षणभर पाहिले, आणि नवस फिटला म्हणोन हात धुतले.

"हात बधिर जाहला," तो पाटावरचा मनुष्य हळूच म्हणाला. "किती वेळ ऐसे बसावयाचे?"

"आणखी थोडा," बाईसाहेब म्हणाल्या. "आता उठवाल तर सर्व पहिल्यापासून."

सारांश. गादी लेकीचे नावे चालली आणि कारभार मिर्तोबाईसाहेबांनी पाहिला. झऱ्यावर मेंढरांचे वार ठरवून दिले, तंटा पुन्हा लागला नाही. वाड्यामागे एक भरीव अंगाचा पुरुष शेळ्या राखी आणि लेकीस खांद्यावर घेऊन हिंडे, त्यास नगरीतील कोणीही ओळखिले नाही, फार प्रयत्नाने ओळखिले नाही, आणि सणासुदीस त्यास आग्रहाने जेवावयास बोलाविले. यवनदेशी मोठमोठी राज्ये पडली तेव्हा डोंगर हादरले ऐसे सांगतात. हे पडले त्याचा आवाज जाहला नाही, कारण मूल निजले होते. वृत्त इतकेच आहे. वाचणाराने हळू वाचावे.